डाव्या अंगानं कण्हणारी गाडी

"मिस्त्री, दोष गाडीत हाय का माणसात, एवढंच सांगा. बाकी मला काही ऐकायचं न्हाय."

आप्पा हे बोलले तेव्हा मी त्यांच्या गाडीखाली उताणा पडलो होतो. मला त्यांचे फक्त जोडे दिसत होते. जोड्यांच्या पलीकडं, जरा लांब, दोन अनवाणी पाय होते. टाचांना भेगा पडलेले, एकावर एक घासणारे. ते त्यांच्या ड्रायव्हरचे, लिंबाजी तात्याचे. आप्पांचा प्रश्न त्या पायांच्या मालकाबद्दल होता. ते मला कळत होतं आणि तात्यालाही कळत असणार, कारण पाय घासायचे थांबले.

संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तुळजापुरात सोलापूर रस्त्याला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे लिंबाच्या दोन झाडांमध्ये टाकलेले पत्रे आणि खाली एक खड्डा. खड्डा मी स्वतः खणलेला. वडील शाळामास्तर, चुलते कचेरीत कारकून, आणि मी नखांत काळं ग्रीस घेऊन जेवायला बसणारा. वडील मला कधी टाकून बोलले नाहीत. फक्त जेवताना माझ्या हातांकडं बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

माझी आणखी एक खोड होती. गाडीखाली पडलो की मला गुंगी यायची. खालचा ओला मातीचा वास, वरून थेंबथेंब गळणारं ऑइल, पत्र्यावर लिंबोळ्या पडल्याचा आवाज. डोळे मिटायचेच. हैदराबादला मी ज्या उस्तादाकडं काम शिकलो, तो पायाला लाथ मारून उठवायचा. "सोता क्या रे?" मी म्हणायचो, "नहीं उस्ताद, सुन रहा हूँ." शेवटी शेवटी त्यानं लाथ मारायची सोडली. जाताना मला म्हणाला, "सुन, मगर कारण हाथ में आए बगैर मुँह मत खोल." ही एवढीच माझी डिग्री.

आप्पा म्हणजे तामलवाडीचे मोठे शेतकरी. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादकडं निघून गेलेल्या एका अंमलदाराकडून त्यांनी ही गाडी घेतली होती. विलायती, गर्द हिरवी, पुढं परातीएवढे दोन दिवे आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लांब फळी. घेतली तेव्हाच ती दहा-बारा वर्षांची होती. गाडी आली, पण चालवणार कोण? आप्पांनी घरच्या गाडीवानाला बसवलं. लिंबाजी तात्यानं आयुष्यभर बैल हाकलेले. सोलापूरहून एक माणूस येऊन महिनाभर राहिला आणि मोकळ्या रानात तात्याला मोटार शिकवून गेला. कासरा सुटला, हातात चाक आलं. गोठ्याच्या एका अंगाला भिंत घालून गाडीची खोली केली, आणि तात्याची वाकळही तिथंच गेली. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. बेंबळीला एक पुतण्या होता, पण त्याच्या घरी तात्याला कुणी दुसऱ्या दिवशी थांब म्हणत नसे.

आणि आता घडलं होतं ते असं. आप्पांच्या आई दर मंगळवारी देवीच्या दर्शनाला येत. मागच्या मंगळवारी दर्शन करून गाडी घाट उतरत होती. वळणावर अचानक शेरडं आडवी आली. तात्यानं ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडं ओढली गेली. उजवीकडं दरी. कडेच्या दगडाला घासून गाडी थांबली म्हणून सगळे वाचले. आईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. घरात सगळ्यांचं एकमत झालं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

मी गाडीखालून बाहेर आलो. आप्पा बाकावर बसले होते.

"साठी उलटली त्याची," ते म्हणाले. तात्या दहा पावलांवर उभा होता, तरी आवाज खाली आणायची त्यांना गरज वाटली नाही. "डोळा लागला असंल, न्हायतर हात चळला असंल. तसं असंल तर बेंबळीला धाडतो त्याला. घट बसायच्या आत सांगा. नऊ दिवस आई रोज यायचं म्हणती."

"आवाजाचं सांगा की मालक," तात्या तिथूनच म्हणाला.

"कसला आवाज? मला काही ऐकू येत न्हाय."

"डाव्या अंगानं कण्हती, मिस्तरी," तात्या माझ्याकडं बघून म्हणाला. "लई दिस झालं. रातचं न्हाय, उभं असताना न्हाय. चालताना. खड्डा आला का कण्हती."

आप्पांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की बघा, म्हातारा भ्रमलाय. मी गाडी ठेवून जायला सांगितलं. तात्यालाही ठेवून घेतलं. आप्पा एस.टी.नं परत गेले.

आधी उभ्या गाडीची तपासणी. गाडी एका बाजूला ओढत असेल तर सगळ्यात साधं कारण हवा. एका टायरात कमी, दुसऱ्यात जास्त. ती बरोबर निघाली. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून बघितलं. पुढचं चाक एका जाड खुंटीवर डावीउजवीकडं वळतं, तिला किंगपिन म्हणतात. ती झिजली की चाक सैल दातासारखं हलतं. हललं, पण पंचवीस वर्षांच्या गाडीचं हलावं तेवढंच. मग सुतळी ताणून चारी चाकं एका रेषेत आहेत का ते पाहिलं. होती. स्टिअरिंगला दोन बोटं ढील होती. त्यानं गाडी दरीत जात नाही.

"काय घावलं?" तात्यानं विचारलं.

"काही नाही."

त्याचा चेहरा उतरला. गाडीत काही नाही म्हणजे दोष कुणात, हा हिशेब त्यालाही येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा गाडी घेऊन निघालो. रात्री पाऊस पडून गेला होता आणि माळावर धुकं होतं. रस्ता वीस पावलांपुरताच दिसायचा, पुढचा आपण जाऊ तसा तयार व्हायचा. मी चाक हातांत हलकं धरलं. गाडी सरळ जात होती आणि जातही नव्हती. मी डावीकडं जरा वळवलं की ती थोडा वेळ विचार करायची, मग वळायची. सरळ केलं की पुन्हा उशिरानं सरळ व्हायची. झोपेत चालणाऱ्या माणसाचा हात धरून त्याला घरी न्यावं तसं वाटत होतं. खरं सांगतो, मला ते आवडत होतं. त्या धुक्यात ती मला घेऊन कुठंही गेली असती तरी मी गेलो असतो.

मग मोकळ्या जागी, जिथं रस्त्याला पांढरी माती होती, तिथं मी जोरात ब्रेक दाबला. चाक माझ्या हातातून निसटलं आणि गाडी उजवीकडं ओढली गेली.

खाली उतरून मागं चालत गेलो. ओल्या मातीत खुणा स्पष्ट होत्या. उजव्या चाकाची घासत गेलेली लांब रेघ होती. डाव्या चाकाची रेघच नव्हती, तिथं नुसती टायरची नक्षी उमटली होती. म्हणजे ब्रेक दाबल्यावर उजवं चाक थांबत होतं आणि डावं आपलं चालत राहत होतं. एक पाय रोवला आणि दुसरा चालत राहिला की माणूस रोवलेल्या पायाकडं वळतो. गाडीचंही तसंच.

म्हणजे तात्याला डुलकी लागली नव्हती. त्या धुक्यात मी एकटाच मोठ्यानं हसलो. पण उस्तादाचं बोलणं आठवलं. डावं चाक का थांबत नाही ते हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी गप्प परत आलो.

आता आवाज. मी तात्याला गाडी चालवायला बसवलं आणि स्वतः डाव्या फळीवर आडवा झालो. एक हात दाराला, दुसऱ्या हातात वेळूची काठी. काठीचं एक टोक पुढच्या चाकामागं स्प्रिंगला टेकवायचं, दुसरं कानाला. डॉक्टरची नळी तीच, आमची जरा लांब.

"माणसाच्या चालीनं चला तात्या."

"व्हय. बैलाच्या चालीनं चलतो."

तो खरोखरच बैलाच्या चालीनं चालला. धुकं निवळून कोवळं ऊन पडलं होतं. बाजरीची कणसं माझ्या पायांना लागून जात होती. तुरीत कुठंतरी बाई कुणाला तरी हाका मारत होती. तोंडानं तात्या टकटक आवाज करायचा, जीभ टाळूला लावून, मोटार त्यानं चालणार असल्यासारखा. मी डोळे मिटले. आणि एका खड्ड्यात काठीतून ते कानात आलं. बारीक, लांबलेलं, कुंऽऽई. वासराला आईपासून बांधून ठेवलं की ते पहाटे असं करतं. मला क्षणभर वाटलं, उठून कुणीतरी त्याला सोडावं.

"ऐकलं का?" तात्या वरून म्हणाला.

"ऐकलं."

त्यानं गाडीच थांबवली. "म्या म्हनलं न्हवं? समद्यास्नी वाटतं म्हातारा भ्रमला."

मी त्याच्याकडून तांब्याभर पाणी घेतलं आणि स्प्रिंगच्या टोकावर ओतलं. पुन्हा गाडी चालवली. आवाज बंद. पाणी ओतल्यावर जो आवाज थांबतो तो रबराचा असतो, लोखंडाचा नाही. स्प्रिंगच्या पाट्या जिथं गाडीच्या सांगाड्याला अडकतात, तिथं आत रबराचं जाड नळकांडं असतं. त्याला बुश म्हणतात. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून ते. रबराचा वैरी एकच, तेल. तेल प्यायलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी त्याचा चुरा होतो. मी बोट घालून बघितलं. बुश भाकरीच्या काल्यासारखा झाला होता. गाडी वळायला वेळ का घेत होती तेही कळलं. तिचा खांदाच जागेवर नव्हता.

परत गॅरेजला येताना उतारावर तात्यानं दोन-चारदा ब्रेक लावला. गाडी उभी केली आणि मला भूक लागली. कुणीतरी फोडणी दिली होती. करडईचं तेल, हळद, अगदी ओळखीचा वास. मी आजूबाजूला बघितलं. जवळ घर नव्हतं, चूल नव्हती. वास घेत घेत मी गाडीभोवती फिरलो आणि डाव्या चाकाशी येऊन थांबलो.

चाक काढलं. ब्रेकचा ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा. ब्रेक दाबला की आतून दोन अर्धगोल पट्ट्या त्याला चिकटतात आणि चाक थांबतं. ड्रम ओढला. आत सगळं पिवळं. पट्ट्यांना, स्प्रिंगांना, डब्याच्या पोटाला, काळपट पिवळा थर. बोटानं घेतलं, वास घेतला. तेल आणि हळद, ब्रेक तापल्यानं परतलेली. अशा तुपकट पट्टीनं कुठलं चाक थांबायला?

कुणी मुद्दाम घातलं असेल तर? भाऊबंदकी काय कमी असते? आणि हळद बघितल्यावर आप्पांच्या घरात करणीशिवाय दुसरा शब्द निघाला नसता. मी तात्याकडं वळलो. तो शेजारी उकिडवा बसून शांतपणे बघत होता.

"तात्या, हे काय?"

"हळद."

"ते दिसतंय मला. कुणी घातली?"

"म्या."

मी पाना खाली ठेवला.

"खांदंमळणी केली न्हवं का," तो मला समजावून सांगावं तसं म्हणाला. "पोळ्याच्या आदल्या सांजंला."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू घासून खांद्याला घट्टे पडतात, तिथं कोमट तेल, लोणी, हळद चोळतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आपल्याकडं हे कोण करत नाही? पण मोटारीचं कुणी केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

"घरच्या बैलांची आता दुसरा गडी करतो," तात्या सांगत होता. "माझ्याकडं हीच. पंधरा वर्सं वडती, आमाला समद्यास्नी. तिला खांदा न्हाय व्हय? चाकाच्या मागं ताटली हाय, तिला भोक हाय. पळीनं घालायचो. दर साल एकडाव, जराजरासं. पर औंदा उन्हाळ्यापासनं डाव्या अंगानं कण्हाया लागली. मंग पोळ्याची वाट न्हाय बघितली. आठवड्याला घालायचो. जिथनं कण्हती तिथं, आन् चाकात बी. घातलं का दोन दिस गप ऱ्हायची. मंग फिरून कण्हायची. मंग म्या फिरून घालायचो."

मला त्याच्याकडं बघवेना. त्या बाजूचा बुश सुरुवातीला नुसता कोरडा पडला असणार. समोरून मोठी गाडी आली की तात्या अदबीनं डावं चाक खाली उतरवायचा, त्यामुळं डावी बाजू खड्ड्यांत जास्त आपटलेली. तेल घातलं की कोरडं रबर दोन दिवस गप्प बसतं, हे खरं आहे. आणि त्याच तेलानं ते आतून सडतं, हेही खरं. जितकी ती कण्हत होती तितकी त्याची माया वाढत होती, आणि जितकी माया वाढत होती तितकी ती कण्हत होती. ताटलीच्या त्या भोकाला रबराचं बूच असतं. ते कधीच पडून गेलेलं.

"पण तेल घालायचं हे तुम्हाला सांगितलं कुणी?" मी जरा चिडूनच विचारलं.

तात्यानं आश्चर्यानं बघितलं. "तुमीच की."

"मी?"

"उन्हाळ्यात आलो व्हतो. म्हनलं, जरा कण्हती. तुमी म्हनला, सांध्यास्नी तेलपाणी करत जा तात्या, काही होत न्हाय."

मला आठवलं. दुपार होती. मी एका लॉरीखाली गुंगीत पडलो होतो. बाहेर कुणीतरी येऊन काहीतरी विचारलं आणि मी तिथूनच उत्तर दिलं. बाहेर आलो नाही. हात लावून दाखवलं नाही, की या सांध्याला द्या, त्याला देऊ नका. त्या दिवशीही मला दोन अनवाणी पायच दिसले होते. ते थोडा वेळ थांबले आणि गेले.

त्या दिवसाचं उरलेलं काम मी कसं केलं ते मला नीट आठवत नाही. एक विचार मनात आला होता, तो लपवत नाही. आप्पांना सांगायचं, ऑइलचं सील फुटलं, जुनी गाडी, चालायचंच. त्यांना काही कळलं नसतं. तात्या राहिला असता आणि मीही स्वच्छ राहिलो असतो. पण मग तात्याला काय सांगायचं? न सांगता सोडलं तर घट बसेपर्यंत त्यानं नव्या पट्ट्यांवरही पळी ओतली असती, आणि गाडीत आप्पांच्या आई. म्हणून आधी तात्याला सगळं सांगितलं. चाक हातात देऊन, बोट धरून, कुठं काय होतं ते दाखवलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग बराच वेळ त्या पिवळ्या पट्टीवरून अंगठा फिरवत बसला.

"म्हंजी तिला म्याच दुखवत व्हतो," तो म्हणाला.

"तुम्हाला कुणी दाखवलं नव्हतं, तात्या."

"म्हातारी गाडीत व्हती मिस्तरी." त्याचे डोळे भरून आले होते आणि हात हळदीचे असल्यामुळं तो ते पुसत नव्हता. "मालकाला समदं सांगा. म्या बेंबळीला जाईन. पर लपवू नगा."

बुश आणि पट्ट्यांसाठी मी दोनदा सोलापूरला गेलो. मापाचा बुश कुठं मिळेना, म्हणून मोठ्या गाडीचा घेऊन लेथवर कमी करून घेतला. ड्रम राखेनं घासला, मग पेट्रोलनं धुतला. भोकाला नवं बूच बसवलं. तात्या दिवसभर लांब बसून राहायचा. गाडीला हात लावायचा नाही. मी पाना मागितला तर आधी हात धोतराला पुसायचा, मग द्यायचा.

घट बसायला चार दिवस राहिले तेव्हा आप्पा आले. बाकावर बसले नाहीत.

"बोला. गाडीत का माणसात?"

"थोडा माझ्यात," मी म्हणालो.

आणि सगळं सांगितलं. लॉरीखालून दिलेलं उत्तरही सांगितलं. पिवळी पट्टी मी जपून ठेवली होती, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाजवळ नेली आणि तोंड वाकडं केलं.

"लिंबाजी."

तात्या पुढं आला.

"हे कवापासनं चाललंय?"

"गाडी आली तवापासनं, मालक. दर पोळ्याला."

"पंधरा वर्सं! आन् मला एका शबदानं सांगितलं न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?" तात्या खाली बघत म्हणाला. उलट बोलायचा त्याचा हेतू नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. "बैलाची खांदंमळणी तरी म्या कवा इचारून केली व्हती?"

आप्पा पट्टी उलटीसुलटी करत राहिले. मला वाटलं, आता संपलं.

"माज्या आईच्या जिवाशी गाठ व्हती, लिंबाजी," ते शेवटी म्हणाले.

"व्हय मालक."

"गाडी काढ. त्याच वळणावर चल."

"मिस्तरी चालिवतील."

"तू चालीव."

आप्पा मागं बसले, मी पुढं. तात्यानं चाकाला हात लावायच्या आधी दोन्ही हात जोडले. घाटात तेव्हा खालून पांढरे ढग वर येत होते. ते रस्त्यावर यायचे, गाडीत शिरायचे, आम्हा तिघांचे चेहरे ओले करून दुसऱ्या बाजूनं निघून जायचे. इंजिनाचा आवाज सोडला तर काहीही ऐकू येत नव्हतं. गाडी जमिनीवर आहे की नाही असं वाटावं, इतकी ती गप्प चालली होती. वळण आलं. मला तात्याचा उजवा पाय दिसत होता. भेगाळलेली टाच, ब्रेकवर टेकलेला अंगठा.

"दाब," मागून आप्पा म्हणाले. "शेरडं आलीत समज. दाब!"

त्यानं दाबला. आम्ही पुढं झुकलो. गाडी जागच्या जागी, रस्त्याशी सरळ रेषेत उभी राहिली.

आप्पा खाली उतरले. कडेच्या दगडावर मागच्या वेळची हिरवी रेघ अजून होती. ती त्यांनी बघितली, पलीकडच्या ढगात वाकून बघितलं. परत येऊन दार ओढून घेतलं.

"चल. आई वाट बघत असंल. घटाला नऊ दिवस रोज यायचंय, टायमावर काढत जा गाडी."

तात्यानं गिअर टाकला. तो चुकीचा पडला, कारण डोळ्यांत पाणी येऊन त्याला समोरचं दिसत नव्हतं. मी उगीच खिडकीबाहेर बघत राहिलो. माझंही तेच झालं होतं.

नऊ दिवस आई रोज आल्या. मी रोज रस्त्यावर उभा राहून गाडी ऐकायचो. गप्प. दहाव्या दिवशी, दसऱ्याला, तात्या आपट्याची पानं द्यायला आला. "गाडी कशी आहे?" मी विचारलं.

"बेस हाय." मग जरा थांबून म्हणाला, "पर आता बोलत न्हाय माझ्याशी."

या तक्रारीवर माझ्याकडं कुठलाही पाना नव्हता.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, हिरवी गाडी गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. तात्या उतरला. हातात कडीचा डबा होता. मी कामात होतो, खड्ड्यात. पण या वेळी वर आलो, हात पुसले आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. एवढं शिकलो होतो.

"दावा," तो म्हणाला, "कुठं लावू? तुमी बोट ठिवा, म्या तिथंच लावतो."

मी गाडीभोवती एक फेरी मारली. चाकं नाहीत, सांधे नाहीत, रबर नाही. पुढच्या चाकावरचं ते मोठं गोल मडगार्ड होतं, हिरवं, उन्हानं कोमट झालेलं. मी त्यावर हात ठेवला. "हा हिचा खांदा, तात्या. इथं कितीही लावा."

त्यानं डबा उघडला. लोणी, तेल, हळद. दोन्ही तळहातांनी हळूहळू, गोल गोल, आधी डावा खांदा, मग उजवा. मी लिंबाला टेकून बघत होतो, डोळे जड झाले होते. मग तो दिव्याशी वाकला आणि बैलाच्या कानात सांगावं तसं म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

डब्यात थोडं उरलं होतं. तो माझ्याकडं आला.

"सदरा जरा खाली करा, मिस्तरी."

"का?"

"दिसभर गाडीखाली पडून पाने वढता. तुमचा बी खांदा दुखतच असंल की."

दुखत होता. पाच-सहा वर्षं दुखत होता, आणि घरात मी कधी बोललो नव्हतो. मी मुकाट्यानं सदरा खाली केला. त्याचे हात खरखरीत होते आणि लोणी कोमट होतं. रस्त्यानं लोक जात होते, बघत होते. मी त्यांना बघू दिलं.

घरी आल्यावर सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबणानं लाल झाला, पण गेला नाही. वडिलांनी विचारलं, हे कशाचं? मी सांगितलं. त्या रात्री जेवताना त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं, आणि वाटीतलं लोणी माझ्या भाकरीवर घातलं.

पुढं तीस वर्षं मी गॅरेज चालवलं. गिऱ्हाइकाला गाडीखालून उत्तर दिलं नाही. तेल कुठं द्यायचं हे कुणीही सांगतं, कुठं द्यायचं नाही ते बोट धरून दाखवावं लागतं.